पंपाखालचा डिस्ट्रिब्युटर: एलटी१ कॉर्व्हेटमधला ऑप्टीस्पार्क कोरडा कसा ठेवायचा

१९९२ ते १९९६ दरम्यानची कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार, बघायला गेलात की जाणकार माणूस रंग आणि टायर बघायच्या आधी एकच प्रश्न विचारतो: "ऑप्टी कधी बदललाय?" ऑप्टी म्हणजे ऑप्टीस्पार्क, या गाडीच्या एलटी१ इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लगला ठिणगीचा करंट वाटणारा भाग. त्याच्याबद्दल इतकं वाईट बोललं जातं की ऐकणारा घाबरूनच जातो. माझं मत वेगळं आहे. हा भाग मुळात हुशारीने बनवलेला आहे, पण त्याला जागा वाईट मिळाली आहे. बहुतेक वेळा तो बिघडतो तो वरून गळणाऱ्या वॉटर पंपामुळे. म्हणून ऑप्टी सांभाळायचा तर निम्म्याहून जास्त लक्ष पंपावर ठेवावं लागतं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी कोणी हौसेने ही गाडी घेतली असेल आणि स्वतःच्या हाताने काम करायची तयारी असेल, तर पुढचं सगळं घरच्या गॅरेजमध्ये जमण्यासारखं आहे.

हेच इंजिन १९९३ ते १९९७ च्या कॅमेरो झेड२८ आणि फायरबर्डमध्ये, तसंच १९९४ ते १९९६ च्या इम्पाला एसएसमध्येही आहे. त्या गाड्यांना हात घालायला जागा वेगळी मिळते, बाकी गोष्ट तीच. झेडआर-१ कॉर्व्हेटचं एलटी५ इंजिन मात्र पूर्ण वेगळं, त्यात हा डिस्ट्रिब्युटरच नाही.

आधी रचना नीट समजून घ्या

जुन्या शेव्हरोले स्मॉल-ब्लॉकमध्ये डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या बाजूला, वर, उभा असायचा. १९९२ मध्ये ५.७ लिटरचं एलटी१ आलं तेव्हा तो पुढे आणून थेट कॅमशाफ्टच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी बसवला. मध्ये गिअर नाही, त्यामुळे गिअरची ढिलाई नाही. आत एक पातळ चकती फिरते. तिच्यावर बाहेरच्या बाजूने ३६० बारीक फटी आणि आतल्या बाजूने ८ फटी. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा सेन्सर. कॅमशाफ्टची एक फेरी झाली की कॉम्प्युटरला ३६० ठोके मिळतात, म्हणजे कॅमच्या प्रत्येक अंशाला एक. त्या काळासाठी ही फारच बारकाईची मोजणी होती. त्याच डब्यात, चकतीच्या पुढच्या बाजूला, नेहमीसारखा फिरणारा रोटर आणि त्यावरची कॅप. कॉइलमधून आलेला हाय व्होल्टेज करंट आठ प्लग वायर्समध्ये तिथूनच वाटला जातो.

आता वर बघा. याच डब्याच्या अगदी डोक्यावर वॉटर पंप आहे. एलटी१ मध्ये कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) उलट्या दिशेने फिरतं, आधी सिलिंडर हेडमध्ये आणि मग ब्लॉकमध्ये. हेड थंड राहतात म्हणून कॉम्प्रेशन वाढवता आलं आणि ताकदही मिळाली. पंप पट्ट्यावर चालत नाही, तो कॅमशाफ्टच्या गिअरवरून एका छोट्या शाफ्टने फिरतो. थर्मोस्टॅटसुद्धा पंपावरच बसवलेला. म्हणजे कूलंटचे बरेचसे सांधे आणि तेलाचं एक सील, सगळं या इलेक्ट्रिक डब्याच्या वरती किंवा आजूबाजूला.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, त्याला वीप होल म्हणतात. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरू नये, बाहेर पडावं आणि मालकाला कळावं, यासाठी ते ठेवलेलं असतं. एलटी१ मध्ये त्या भोकातून पडणारा थेंब सरळ ऑप्टीच्या दिशेने जातो. काही जण वैतागून ते भोक सीलंटने बुजवतात. तसं अजिबात करू नका. कूलंट मग बेअरिंगकडे वाट काढतं आणि पंप अचानक जातो. भोकाला आटे पाडून, छोटा निपल बसवून, रबरी नळीने थेंब बाजूला सोडणं हा खटपट्या माणसांचा उपाय मात्र चांगला आहे. नळीचं टोक सहज दिसेल असं ठेवा, म्हणजे सील जायला लागल्याचं लगेच कळेल.

ओल आत जाऊन काय करते

कॅपमध्ये हजारो व्होल्टच्या ठिणग्या सतत पडत असतात. त्यातून ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. आत दमट हवा कोंडलेली असली की त्यातून आम्ल बनतं, आणि ते रोटरचे स्क्रू, धातूची टोकं, चकती, सगळं हळूहळू खातं. कूलंटचा त्रास वेगळा. पाणी वाळून जातं, ग्लायकॉलचा चिकट थर मागे राहतो. त्या थरावरून करंट आडवा पळायला लागला की कॅपच्या आत काळी रेघ उमटते. एकदा ती रेघ पडली की कॅप पुसून उपयोग नाही, ती बदलावीच लागते.

मुंबईत पद्मिनी किंवा अँबेसडर चालवलेल्या माणसाला पावसात बंद पडलेल्या गाडीचा बॉनेट उघडून, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून, कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा बसवणं आठवत असेल. इथे ती सोय नाही. ऑप्टीच्या कॅपपर्यंत हात पोचायचा तर आधी पंप काढावा लागतो. म्हणून ओल आत गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती आत जाऊच न देणं, एवढाच व्यवहारी मार्ग उरतो.

तुमच्याकडे कोणता ऑप्टी आहे?

कॉर्व्हेटमध्ये १९९२ ते १९९४ चा ऑप्टी आत दातेरी शाफ्टवर बसतो आणि त्याला हवा खेळण्याची सोय नाही. १९९५ आणि १९९६ मध्ये तो पिनेवर बसतो आणि त्याला दोन नळ्या आहेत. एका नळीतून गाळलेली हवा आत येते, दुसरी इंजिनच्या व्हॅक्यूमने ती ओढून घेते. ओझोन आणि दमटपणा त्याबरोबर बाहेर जातो. हा बदल खरंच मोठा आहे. दोन्ही प्रकारांचे ऑप्टी एकमेकांच्या जागी तसेच्या तसे बसत नाहीत, म्हणून भाग मागवताना फक्त "एलटी१" एवढं सांगून भागत नाही, वर्ष आणि बसण्याची पद्धत दोन्ही सांगा.

तपासणी: महिन्यातून एकदा, इंजिन गार असताना

कॉर्व्हेटचं पुढचं अख्खं बॉनेट वर होतं, त्यामुळे बघायला जागा चांगली मिळते. चांगला टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घ्या. पंपाच्या खालून बघा. ताजी गळती फार वेळा दिसत नाही, कारण गरम इंजिनावर ती वाळून जाते. दिसतो तो डाग: हिरवट, नारिंगी किंवा पांढरट, कडेला मिठासारखी खपली धरलेला. पंपाच्या धातूवरून खाली उतरणारी अशी एक बारीक रेघ दिसली, तरी पंपाचा निकाल लागला असं समजा. "थोडंसंच आहे, बघू पुढच्या उन्हाळ्यात" हे या गाडीत महागात पडतं. पंपाची किंमत चांगल्या ऑप्टीपेक्षा बरीच कमी आहे, आणि उघडझाप दोन्हीसाठी जवळजवळ तीच.

मग वरच्या बाजूने थर्मोस्टॅटच्या झाकणाचा सांधा, वरच्या होजचे क्लॅम्प आणि थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या कूलंटच्या बारीक नळ्या बघा. या नळ्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण तीस वर्षांत रबर कडक होऊन टोकाला चिरतं, आणि तिथून सुटलेला थेंब खालीच उतरतो. पंपाच्या मागे तेलकट ओल असेल तर पंप फिरवणाऱ्या शाफ्टचं सील गेलंय. गोडसर वास येत असेल आणि डाग कुठेच सापडत नसेल, तर कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर आणा. इथल्या बऱ्याच ऑटो पार्ट्सच्या दुकानांत तो अनामत ठेवून वापरायला मिळतो. कूलिंग सिस्टिमच्या टोपीवर लिहिलेल्या दाबापर्यंत टेस्टरने हवा भरा, त्याहून जास्त नको, आणि पंधरा मिनिटं काटा बघा. काटा उतरला तर गळती आहेच, आता फक्त शोधायची.

नळ्यांची परीक्षा

१९९५-९६ च्या गाडीत नळ्या असल्या म्हणजे काम झालं असं नाही. जुन्या नळ्या पिचतात, कोणी दुरुस्ती करताना जोडायच्या विसरतात, कधी उलट्या जोडतात. इंजिन आयडलवर ठेवा, ताज्या हवेची नळी एअर इनटेकच्या बाजूने काढा आणि तिच्या तोंडावर बोट ठेवा. बारीक ओढ जाणवली पाहिजे. मार्गात मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेलं आहे, त्यामुळे जोरदार ओढीची अपेक्षा करू नका, पण काहीच जाणवलं नाही तर नळी फाटलेली किंवा तुंबलेली आहे. व्हॅक्यूमच्या नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघा: ऑप्टीच्या बाजूने फुंकलं तर हवा जायला हवी, इंजिनच्या बाजूने फुंकलं तर अडायला हवी. दोन्हीकडून जात असेल तर नवा घाला.

ताज्या हवेची बाजू बंद आणि व्हॅक्यूमची चालू, ही सगळ्यात वाईट अवस्था. मग ऑप्टी मिळेल त्या फटीतून हवा ओढतो, आणि त्याबरोबर बाहेरची ओलही.

१९९२ ते १९९४ च्या ऑप्टीचा सांधा सिलिकॉन सीलंटने पूर्ण बंद करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. मी तो देणार नाही. बाहेरचा थेंब अडतो हे खरं, पण आतला ओझोन आणि बाष्प कोंडून राहतं. हवा खेळणाऱ्या नव्या प्रकारात मात्र कॅपच्या कडेला सीलंटचा अगदी पातळ पदर देणं पटण्यासारखं आहे, कारण हवेला जायला वाट आहे.

पंप बदलताना ऑप्टी भिजू न देणं

कित्येक ऑप्टी पंपाच्या गळतीने मरत नाहीत, पंप बदलताना मरतात. पंप सैल झाला की ब्लॉकमध्ये साठलेलं कूलंट एकदम बाहेर येतं आणि थेट ऑप्टीवर सांडतं. म्हणून या कामात वेळ घ्या.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. रेडिएटरचं कूलंट काढून झालं तरी ब्लॉकमध्ये बरंच उरतं. ते काढायची जागा नॉक सेन्सरमागे (इंजिनातली ठकठक ओळखणाऱ्या सेन्सरमागे) आहे: एलटी१ मध्ये हे सेन्सर ब्लॉकच्या ड्रेन भोकांतच आट्यांनी बसवलेले असतात. गाडी पक्क्या स्टँडवर घेऊन खालून सेन्सर काढला की ब्लॉक रिकामा होतो. सेन्सर नाजूक आहे, परत बसवताना सांगितलेल्या टॉर्कवरच आवळा. या एका पायरीचा कंटाळा करू नका, पुढचं निम्मं संकट इथेच टळतं. काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. ते गोड लागतं आणि विषारी आहे, कुत्र्यामांजरांच्या आणि मुलांच्या हाती लागता कामा नये.

आता ऑप्टी झाकायचा. जाड प्लॅस्टिकची पिशवी उभी कापून पंपाच्या खालून सरकवा, आणि तिची पुढची कड पन्हळीसारखी खाली वळवा, म्हणजे सांडलेलं कूलंट पुढे ओघळून ताटलीत पडेल. प्लॅस्टिकवर जुना टॉवेल. नुसता टॉवेल ठेवू नका, तो भिजतो आणि तेच ओलं कापड ऑप्टीला चिकटून राहतं. पंपाचे सहा बोल्ट, दोन्ही बाजूंना तीन-तीन. आधी सगळे थोडे सैल करा, मग एका हाताने पंप धरून एका बाजूने हळूहळू सुटू द्या. उरलंसुरलं कूलंट झटक्यात न येता झिरपत येईल.

पंप निघाल्यावर ऑप्टी उघडा समोर दिसतो. इथे एक निर्णय घ्यायचा असतो. ऑप्टी जुना असेल, किंवा पंप बराच काळ गळत होता असं वाटत असेल, तर तो याच वेळी बदला. त्यासाठी क्रँकचा बॅलन्सर, म्हणजे क्रँकशाफ्टच्या तोंडावरची कंप शोषणारी जड चकती, काढावा लागतो. तो हबवर तीन बोल्टांनी बसतो, काढण्याआधी दोघांवर रंगाची एक खूण करा, म्हणजे त्याच जागी परत बसेल. ऑप्टी निघाला की टायमिंग कव्हरवरची तीनही सील, म्हणजे क्रँकचं, ऑप्टीचं आणि पंपाच्या शाफ्टचं, नवी घाला. ती स्वस्त असतात, आणि नंतर तेवढ्यासाठी सगळं पुन्हा उघडावं लागणं फार जिवावर येतं. पंपाच्या शाफ्टच्या दातांवर पातळ टेप गुंडाळून सील सरकवा, नाहीतर दाते सीलचा ओठ कापतात.

नवा ऑप्टी निवडताना स्वस्तावर जाऊ नका. मूळ ऑप्टीतला प्रकाशाचा सेन्सर मित्सुबिशीचा होता, आणि जुना ऑप्टी दुरुस्त करून विकणारे चांगले लोक तोच सेन्सर ठेवून कॅप, रोटर आणि सील बदलतात. नावगाव नसलेल्या स्वस्त युनिटवर मी विश्वास ठेवणार नाही.

बसवताना ऑप्टी हाताने सरळ आत सरकून कव्हरला टेकला पाहिजे. तो एकाच जागी बसतो. टेकत नसेल तर काढा, शाफ्ट थोडा फिरवा आणि पुन्हा लावा. बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तिथेच शाफ्ट किंवा घर तुटतं. यात टायमिंग हाताने लावायचं काही नाही, बसला की झालं. प्लग वायर्स आत्ताच, हात पोचतोय तोवर जोडा. प्रत्येक टोक बसल्याचा खटका जाणवेपर्यंत दाबा, आणि रबरी बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक (करंट न वाहू देणाऱ्या) ग्रीसचं बोट फिरवा. चार तारांच्या कनेक्टरच्या रबरी सीललाही तेच. पिनांवर हिरवट गंज असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा.

पंपाच्या दोन्ही बाजूंचे जुने गास्केट खरवडताना तुकडे ऑप्टीवर किंवा भोकांत पडू देऊ नका. नवे गास्केट लावून बोल्ट आळीपाळीने, साधारण ३० फूट-पाउंडावर आवळा, आपल्या वर्षाच्या मॅन्युअलमधला आकडा पडताळून.

कूलंट भरताना

इतकी काळजी घेऊन काम पुरं होतं, आणि शेवटी हवा काढताना ऑप्टी भिजतो. उलट्या प्रवाहाच्या या इंजिनात हवा अडकली तर हेड तापतात, म्हणून ती काढावी लागतेच. हवा काढायचे पितळी स्क्रू थर्मोस्टॅटच्या झाकणावर आणि थ्रॉटल बॉडीकडच्या नळीवर असतात. स्क्रूच्या तोंडावर पारदर्शक नळी चढवून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडता आलं तर उत्तम, नाहीतर खाली फडक्यांचा जाड थर ठेवा. हळूहळू भरा. बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू बंद करा. पितळ मऊ असतं, जोर लावू नका. ऑप्टीवरचं प्लॅस्टिक पहिल्यांदा इंजिन चालू करायच्या अगदी आधी काढा, आणि तापमानाचा काटा स्थिर होईपर्यंत गाडीपाशीच थांबा. थर्मोस्टॅट बदलताना, वरचा होज काढताना, दर वेळी हीच पिशवी आणि हेच टॉवेल.

भिजलाच तर

बाहेरून भिजला असेल तर लगेच चालू करू नका. फडक्याने टिपा, कमी दाबाच्या हवेने सांध्यांमधलं पाणी उडवा, हेअर ड्रायर कोमट ठेवून वेळ द्या. पाणी पळवणारे तेलकट स्प्रे आत जाता कामा नयेत. कॅपला ते चालतीलही, पण त्यांचा थर चकतीवर आणि एलईडीवर बसला की सेन्सर आंधळा होतो. हवा खेळणारा ऑप्टी असेल तर कोरडं झाल्यावर गाडी थोडी लांब चालवा, उरलेली दमट हवा ओढली जाईल. आत कूलंट गेलं असेल तर मात्र उघडण्यावाचून इलाज नाही. कॅप आणि रोटर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. चकतीला बोट लावू नका.

ओळखायचं कसं? गार, दमट सकाळी इंजिन अडखळतं आणि तापल्यावर सुधारतं, पावसात किंवा धुतल्यावर झटके खातं, जोरात पळवताना मिसफायर होतं. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाच्या कोडपैकी कोड १६ म्हणजे आठ फटींचा सिग्नल हरवला, कोड ३६ म्हणजे ३६० फटींचा. पण कॅपच्या आत करंट आडवा पळत असेल तर १९९५ पर्यंतच्या या गाड्यांत कोड येईलच असं नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागला नाही म्हणून ऑप्टी ठीक आहे असं मानू नका. आणि कोड आला तरी आधी कनेक्टर आणि तारा मीटरने तपासा, मगच ऑप्टीला दोष द्या.

धुणं, पाऊस आणि हिवाळा

इंजिनच्या पुढच्या भागावर प्रेशर वॉशर कधीही मारू नका. ब्रश, थोडा डिग्रीझर, ओलं फडकं, एवढ्यावर भागवा. गाडीखालची हवा अडवणारी काळी पट्टी आणि पुढची प्लॅस्टिकची कवचं जागेवर आहेत का तेही बघा. ही कॉर्व्हेट रेडिएटरची हवा खालून घेते, त्यामुळे पट्टी तुटली की इंजिन तापतं, आणि कवच नसेल तर डबक्यातलं पाणी थेट पुढच्या भागावर उडतं.

उत्तरेकडच्या राज्यांत गाडी हिवाळाभर उभी राहते. तिथे दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करण्याची सवय बऱ्याच जणांना असते, आणि मला ती घातक वाटते. इंजिन थोडं तापतं, आत बाष्प तयार होतं, ते उडून जायच्या आत सगळं पुन्हा गार. चालू करायची तर रस्ता कोरडा असताना, तेल नीट तापेपर्यंत, निदान अर्धा तास चालवा. नाहीतर चालूच करू नका. बॅटरीला मेंटेनर लावा, हवा जाईल असं कापडी कव्हर घाला, आणि ह्यूस्टनसारख्या दमट ठिकाणी गॅरेजमध्ये डीह्युमिडिफायर ठेवता आला तर ठेवा.

जुनी एलटी१ विकत घेत असाल तर मालकाला पंप आणि ऑप्टी एकत्र बदलल्याची पावती मागा. फक्त ऑप्टीची पावती असेल आणि पंप मूळचाच असेल, तर पंपाखाली आरसा धरून बघा आणि ठरलेल्या किमतीतून नव्या पंपाचे आणि मजुरीचे पैसे वळते करून घ्या.